चौथा थर उजेडाचा

४ मार्च
आले एकदाची! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला हवी होती नुसती नोकरी, मिळाली नोकरी आणि वर मोठ्या खिडकीची खोलीसुद्धा. मालक निवृत्त नेत्रतज्ज्ञ. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. गच्चीवर दुर्बीण लावून तेजोमेघांचे फोटो काढतात, पण म्हातारपणी त्यांना रंगच दिसेनासे झालेत. म्हणून मी! रंगाच्या दुकानात सहा वर्षं शेड जुळवल्यात, पांढऱ्यातले चार पांढरे वेगळे काढून दाखवीन. धाकट्या बहिणीची नजर माझ्याहून तेज, हेही मी बोलून गेले. तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

स्वयंपाकाच्या मावशी भिंत चाचपत चालतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे अधू डोळ्यांची बाई! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

६ मार्च
काम मजेचं आहे. कॅमेरा एकेका रंगाचा वेगळा फोटो घेतो: हिरवा, लाल, निळा, आणि चौथा नुसत्या उजेडाचा. पडद्यावर प्रत्येक थर करडाच दिसतो. तो मी साफ करायचा. शेवटी चारही एकमेकांवर बसवले की रंग उमटतात. आज हिरवा संपवला. डॉक्टरसाहेब भलतेच खुशीत, खिडकीतलं झाड किती हिरवंगार आहे म्हणाले. मला तर ते धुळीने माखलेलं वाटलं.

९ मार्च
लाल संपला. संध्याकाळी सुरीने बोट कापलं, तर शाईसारखं काळं आलं. अगं बाई, घाबरलेच! डॉक्टरसाहेबांनी टॉर्च मारून डोळे पाहिले. ताण आहे, थर जोडले की रंग परत येतील म्हणाले. शिवाय माझा लाल स्वेटर मला शोभतो म्हणे.
त्यांना कसा दिसला लाल?

१२ मार्च
निळाही झाला. आभाळ राखेचं. मावशी आज हळूच म्हणाल्या, माझ्याआधी या कामाच्या खुर्चीत त्याच बसायच्या, चौथ्या थराला हात लावू नकोस. डॉक्टरसाहेब म्हणतात, बाईने तो अर्धवट सोडला म्हणून तिची ही गत. बॅग भरली. पण जाऊन करू काय? माझं पोट या डोळ्यांवर आहे. एकच तर थर राहिलाय —

१४ मार्च
पुरा केला. चारही बसवले. डॉक्टरसाहेब रडले, असा गुलाबी जन्मात पाहिला नव्हता म्हणाले. दिवा लावा म्हटलं मी — भर दुपार आहे, म्हणाले —

तारीख कुणाला विचारू
बोटाने ओळ धरून लिहितेय. मावशी मला भिंत शिकवतात. त्यांनी अर्धा सोडला, म्हणून त्यांना खिडकी तरी कळते. डॉक्टरसाहेबांचे रंग पुन्हा विटू लागलेत. नवा तेजोमेघ निवडलाय —

धाकटी आली. माझ्या फोनवरून त्यांनीच बोलावलं. खाली हसतेय. तिला वरची खोली दाखवणार —
डॉक्टरसाहेब मघाशी कानाशी म्हणाले, ती कामाला बसेपर्यंत गप्प राहिलीस तर तिच्यातला लाल तुला देईन. खोटं आहे. मला कळतं ना खोटं आहे. हाक मारायला हवी. जिना चढतेय ती. मारते —
नुसता लाल — स्वेटरपुरता तरी —
मारते हाक, जरा थांबून —