शून्य रुपयाचं तिकीट

१० जानेवारी २०२३, मंगळवार

परत तीच आजी! आठवड्यात तिसऱ्यांदा. सावलीला चढते, पंच्याहत्तरच्या वरची म्हणून शून्य रुपयाचं तिकीट, गडचिरोलीला उतरते, स्टँडवरच्या नळाचं पाणी पिते आणि आमच्याच गाडीने परत! कॉलेजच्या पोरी दांड्याला लटकलेल्या आणि ही खिडकीपाशी आरामात. आज माझं डोकं सटकलं. सगळ्या गाडीसमोर विचारलं — आजी, रोज रोज कुठं जाता हो?

'कुठीच नाई व बाई. पोरगा-सून मिरची तोडाले तेलंगनात गेले. होळीपर्यंत घरी कोनी नाई. इथी मानसं रायतेत.'

मी मशीन घेऊन मागे गेले आणि मागचं कोणी बिनतिकीट नसताना उगाच तिकिटं तपासत बसले. लाज वाटली. चांगलीच वाटली.

१२ जानेवारी

अयूबला सांगितलं. आठ वर्षं तो ड्रायव्हर, मी कंडक्टर, मूल ते गडचिरोली. हा शांतपणे म्हणतो, 'सुगंधाबाई ना? मी त आरशात रोज पाहून राह्यलो. अशे पाच जन हायेत आपल्या गाडीत.'

पाच! आणि मला सांगितलं का नाही?

'तुम्ही भडकता ना, बाई.'

हे मात्र खरं आहे.

२२ जानेवारी, रविवार

सुट्टीचा दिवस वाया. अयूब आणि मी सावलीला सुगंधाबाईंकडे गेलो. बिस्किटं, तांदूळ, एक शाल, माझी दोन बरी लुगडी — पिशवी भरून नेली. वाटलं, आजी खूश होतील. आजींनी पिशवीत डोकावलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, 'मी काय भिकारीन हाओ?' आणि दार लावलं! तोंडावर! अयूब परत येईपर्यंत हसत होता. मला काही हसू आलं नाही.

बाबांना सांगितलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, सांगणार तरी कोणाला? चाळीस वर्षं राईस मिलमध्ये काढलेला माणूस, मशीनच्या आवाजाने कान अर्धे गेलेले, पण ऐकायचं तेवढं बरोबर ऐकतात. म्हणाले, 'द्याले काऊन गेली? मागाले जा ना. म्हाताऱ्या मानसाले कोनी काई मागतच नाई.'

२९ जानेवारी

गेले मागायला. रिकाम्या हाताने. म्हटलं, आजी, मला लाखोळीच्या वड्या घालता येत नाहीत, शिकवाल का?

दार उघडलं! मग काय विचारता. डाळ जाड वाटली म्हणून बोलणी खाल्ली, मीठ विसरले म्हणून बोलणी खाल्ली. 'यवढी मोठी बाई, गाडीत आरडते, अन् वडी नाई येत!' हे ऐकून शेजारच्या दोन म्हाताऱ्या मजा बघायला आल्या आणि त्यांनीही माझ्यावर तोंडसुख घेतलं. निघेपर्यंत चौघींची बैठक जमली होती. आजींनी पुढच्या रविवारी यायचं फर्मानही सोडलं.

बाबा, तुम्ही हुशार!

२६ मार्च

नाव ठेवलं — सोबत मंडळ. नियम एकच. जायचं ते रिकाम्या हाताने, आणि काहीतरी मागायचं. विळ्याला धार लावून द्या, गोधडीला टाका घालून द्या, लग्नातलं जुनं गाणं सांगा. फोटो काढायचा नाही. अयूबची बायको खैरुन व्याहाडच्या एका आजोबांकडे खाटेची दोरी विणून घ्यायला गेली, ती आता दर आठवड्याला जाते. खाट कधीच विणून झाली!

१८ जुलै, मंगळवार

धानाची रोवणी सुरू. सगळी गावं सकाळपासून शेतात, बांधीत, घरात फक्त म्हातारे. म्हणून सावलीची मंगळवारची बैठक रोवणीपुरती बसथांब्याच्या शेडमध्ये. गाडी थांबली की मी दारातून ओरडते, सगळे आहेत ना? आतून उत्तर येतं, 'हाओ!' अयूब मुद्दाम हॉर्न वाजवतो. अकरा गावं झाली. अकरा!

५ डिसेंबर

आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. आनंदानेच.

व्याहाडच्या पुढे नथ्थू नावाचे एक आजोबा आहेत. मुलगा पुण्याला. आमच्या मंडळातली पोरगी खुशबू त्यांच्याकडे विळे घेऊन जाते. आज सकाळी गेली तर नथ्थूभाऊ विहिरीपाशी पडलेले, पाय मोडलेला. दहा-पंधरा मिनिटंच झाली होती पडून. खुशबूने आरडाओरडा केला, लोक धावले, दुपारपर्यंत गडचिरोलीला दवाखान्यात! मी भेटायला गेले तर म्हणतात, 'पोरीचे दोन विळे राह्यले धार लावाचे.'

तिथंच रडले मी. मंडळ नसतं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाला कळलं नसतं. हे आपण केलं. मी, अयूब आणि बाबांची एक गोष्ट. अभिमान वाटतो, वाटणारच!

घरी आले तर बाबा झोपले होते. ताट झाकून ठेवलेलं. एवढी मोठी गोष्ट सांगायची राहिली.

१४ एप्रिल २०२४

बाबांना मूलच्या बैठकीला चला म्हटलं. इथंही सुरू झाली ना आता, हाकेच्या अंतरावर. तर म्हणाले, 'मले काऊन? ज्यायच्या घरी कोनी नाई त्यायच्यासाठी हाये ना ते. माह्या घरी पोरगी हाये.'

खरं सांगते, ऐकून छाती फुगली माझी. पण चला ना, तुमच्यामुळेच तर सुरू झालं — दोनदा म्हटलं. नाहीच.

येत्या रविवारी त्यांना मार्कंड्याच्या देवळात न्यायचं. नक्की.

२१ एप्रिल

मार्कंड्याला जाणं राहिलं. चामोर्शीकडच्या तीन गावांतून बोलावणं आलं. बाबा धोतर नेसून तयार बसले होते. म्हणाले, 'जा, जा. देव कुठी पळून राह्यला?'

९ जून

डेपोत अर्ज दिला होता, मंजूर झाला — आलापल्लीची लांब ड्युटी. मीच मागून घेतली! सगळे हसले, लोक ही ड्युटी टाळतात म्हणे. टाळोत. त्या वाटेवर जंगलातली गावं आहेत, तिथं आमचं कोणी नाही. जुन्या गाडीवर अयूब आहेच, तो सांभाळेल. पहाटे निघायचं, यायला आठ वाजणार.

बाबा एवढंच म्हणाले, 'दूर पडीन ना व तुले.'

म्हटलं, सवय होईल.

११ ऑगस्ट

आलापल्लीच्या अलीकडे लालसू नावाचे आजोबा. गोंडीच बोलतात, मराठी जेमतेम. मला गोंडी येत नाही. आता काय मागायचं? मी गोंडीच मागितली! एक-एक शब्द शिकवा म्हटलं. माझे उच्चार ऐकून त्यांची बायको हसून-हसून खाली बसली. आज बारा शब्द आले. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे!

तेवीस गावं.

१ सप्टेंबर

बाबा हल्ली बोलत नाहीत फारसे. आज मी घरी होते म्हणून लक्षात आलं. विचारलं तर म्हणाले, 'काय बोलाव? दिवसभर काई झालंच नाई त.' वाळल्यासारखेही वाटतात. मनाला लागलं. आज सगळा दिवस त्यांच्याजवळ बसायचं ठरवलं, चहा केला, बसले. तेवढ्यात सावलीहून दिव्यानीचा फोन — नवीन मुलगी, तिकडची बैठक आता ती सांभाळते. मग खुशबूचा. मग आणखी कोणाचा. फोन ठेवला तेव्हा बाबा उठून गेले होते. त्यांचा अर्धा कप तसाच होता.

दिवाळीनंतर जरा कमी करीन. मार्कंडाही करायचाच आहे.

२४ नोव्हेंबर

कमी कुठलं होतंय! गडचिरोलीला मोठ्या सभागृहात मंडळाचा सत्कार ठरला. फेब्रुवारीत. पत्र आलं, माझं नाव छापील! अयूबला दाखवलं तर म्हणतो, 'माहं नाव?' दुसऱ्या ओळीत आहे म्हटलं. मग त्यानेही तीनदा वाचलं.

५ जानेवारी २०२५

एकतीस गावं. आता प्रत्येक बैठकीला फॉर्म केले — नाव, वय, घरी कोण, सोबतीला कोण जाणार. आधी सगळं माझ्या डोक्यात होतं, आता मावत नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

झाला सत्कार! सुगंधाबाई स्टेजवर आल्या. बोलायचं ठरलंच नव्हतं, पण माईक हातात घेतला आणि सोडेचनात. 'या बाईले वडी नव्हती येत. मी शिकवलं,' म्हणाल्या. सगळं सभागृह हसलं. मी मान डोलावली. आजही वडी नीट जमत नाही, पण ते त्यांना सांगणार नाही.

बाबा पहिल्या रांगेत. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबल्या तरी त्यांच्या सुरूच. शेजारच्या साहेबांना कोपराने ढोसून सांगत होते, 'माही पोरगी हाये ते!' कान अधू, त्यामुळे आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. सगळे वळून पाहायला लागले. मला कुठं बघावं कळेना — आयुष्यात इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं.

फोटोच्या वेळी सावलीची दिव्यानी बाबांकडे एकटक पाहत होती. विचारलं, काय गं? काही नाही ताई, म्हणाली. मी म्हटलं, माझे बाबा. तिचा चेहराच उतरला.

१८ फेब्रुवारी

दिव्यानीचा फोन. भेटायचं आहे, फोनवर नको. काय भानगड आहे या पोरीची? काम सोडते की काय!

२० फेब्रुवारी

काम नाही सोडत. एक फॉर्म आणून हातात दिला. ताई, हे आजोबा दर मंगळवारी सावलीच्या बैठकीला येतात. तुमचे बाबा आहेत हे मला सत्काराच्या दिवशी कळलं.

फॉर्मवर तारीख ७ जानेवारी. गुणवंतराव, वय ७९, राहणार मूल. अयूबच्या गाडीने येत नाहीत, तो ओळखतो ना. चंद्रपूरच्या गाडीने येतात.

घरी कोण? दिव्यानीने त्यांचेच शब्द उतरवलेत — 'पोरगी हाये. लय मोठं काम करते ते. लोकायले तिची गरज हाये. मले बोलाले कोनी भेटलं त बरं होईल. पन तिले सांगू नोका, तिच्या कामाचं नाव खराब होईल.'

सोबतीला कोण जाणार, ती जागा कोरी आहे.

आलापल्लीची ड्युटी सोडायचा अर्ज आजच दिला. त्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहायला पेन काढला आणि थांबले. आधी त्यांना विचारायला हवं, मी चालेन का. बाबा अंगणात बसलेत. जाते.