रफीकभाईंच्या निवळीतलं आम्ल

४ मार्च
घोर अन्याय. माझी चहाची गाळणी विज्ञानाला अर्पण झाली. सौ. (रसायनशास्त्र, ज्यु. कॉलेज) ती घेऊन शेजारी रफीकभाईंच्या चक्क्याच्या कारखान्यात गेली. मी पत्तीसकट चहा गिळला. नोंद असावी.

कारण गंभीर. चक्का टांगला की गळणारी आंबट निवळी नाल्यात, तिथून खालच्या आळीच्या विहिरीत. पंचायतीने बजावलंय: पाडव्याआधी बंदोबस्त करा, नाहीतर कारखाना बंद. संस्कृतात हिला मस्तु म्हणतात, वैद्यांची लाडकी, असं सरपंचांना सांगून पाहिलं. "मंग तुमीच प्या की गुरुजी."

७ मार्च
सौ.ने पाइपात रेझिनचे पिवळे मणी भरले. उकळून गाळलेली निवळी वरून ओतायची. आम्ल मण्यांना धरून राहतं, पाणी खाली. मग मणी सोड्याच्या पाण्याने धुतले की आम्ल त्यासोबत बाटलीत. खालच्या पाण्यात निळा लिटमस कागद लाल झाला नाही. रफीकभाई कागद उलटासुलटा करून बघत राहिले.

१० मार्च
कागद लालभडक. मणी काही धरेनात. धुतले, पुन्हा तेच. सौ. माझ्यावरच चिडली. शेवटी रफीकभाईंच्या बायको शबानाभाभी: "कालचा उरलेला मठ्ठा म्या निवळीच्याच पिंपात वतला. काहून?" मठ्ठ्यात मीठ. मिठाने मण्यांवरची जागा अडवली.

एरवी रफीकभाई प्रत्येक पिंप चाखतात. पण रोजे चालू. "माझी जीभ सुट्टीवर हाय, गुरुजी. ईदपर्यंत तुमची लावा, तेवढी तकलीफ घ्या."

१२ मार्च
सकाळी तीन पिंपं चाखली. दात आंबले. सौ.: "एवढ्या वर्षांत तुमच्या जिभेचा पहिला उपयोग." मीठ नाही, कागद लाल नाही!

संध्याकाळी इफ्तारला त्यांच्याकडे. पहिला खजूर माझ्या हातात. माझ्या ऑपरेशनला रक्त याच माणसाने दिलं; विषय काढला की भजी पुढे करतो. किती मिळालं आपल्याला या शेजारात…

१४ मार्च
परवा सोमवारी पंचायतीची माणसं पाणी तपासायला येणार. मणी किती वेळा धुऊन टिकतील, सौ.लाही सांगता येईना. रफीकभाई पिंप विसळता विसळता म्हणाले, "न्हाई जमलं तं नांदेडला पोराकडं जाऊ." मी काहीतरी विनोद केला. कोणी हसलं नाही.

पाणी आज तीनदा तपासलं. ठीक आहे. तरी जेवण गेलं नाही. रफीकभाई जातील, याची भीती वाटते.