निळे उतार

ताई,

कामावर पळतेय. भाजी झाकून ठेवलीय.

स्कीइंगच्या सहलीसाठी तू निवडलेलं उंचावरचं रिसॉर्ट मी रद्द केलं. तिथले लाल उतार आपल्यासारख्या ना धड शिकाऊ ना धड पटाईत माणसांसाठीच असतात, हे मला कळतं. तरी पलीकडच्या डोंगरावरचं धरलंय. तिथले उतार निळे, रुंद, पायाला जपणारे. बाकीचे विचारत होते, "का गं बदललंस?" मी म्हटलं, मलाच भीती वाटते. दादा फोनवर हसला, "भित्री भागूबाई!" हसू दे.

खरं तुलाच सांगते. आठवडाभर तू जिना आडवी उतरतेस, भिंत धरून, एकेक पायरी. मला वाटलं, बर्फावरून उतरायचा सराव चाललाय. चिडवलंसुद्धा. काल तुला मधल्या पायरीवर गुडघा धरून बसलेलं पाहिलं.

बारापर्यंत खोल्या पक्क्या करायच्यात. मन थाऱ्यावर नाही, तीनदा दारातून परत आले. तू नको म्हणालीस तर हेही रद्द करते. डोंगर कुठे पळून जात नाही गं. पण गुडघा आजच दाखवायचा. दुपारची अर्धी रजा टाकलीय, मी बरोबर येते. तयार राहा.

धाकटी