शेंड्यावरची पर्सिमनं

दादा, नमस्कार.

इकडे अकिताच्या डोंगरावर पहिलं बर्फ पडलं. आई ठणठणीत आहे, काळजी नसावी. अस्वलही ठणठणीत आहे. मी इथे आल्यापासून आठवड्यात तीनदा आपल्या परसात येऊन गेलं, तेही भर दुपारी! मागच्या दाराची जाळी टराटरा फाडली.

कारण आपलं पर्सिमनचं झाड. साऱ्या गावाने फळं उतरवली, पण आईने शेंड्यावर पाच ठेवलीच. "ती झाड राखणाऱ्या देवाची. सगळी ओरबाडली तर पुढच्या वर्षी झाड कशाला फळेल?" म्हणे! मी म्हटलं, आणि अस्वलाने तुलाच ओरबाडलं तर, गं? शेजारचे ओनुमाकाका तेवढी पाच उतरवा म्हणून हात जोडून सांगून गेले. त्यांना आईने मुळ्याचं लोणचं देऊन वाटेला लावलं.

शेवटी मी बांबूने पाचही पाडली. टोपलीत भरून ठेवली. आज सकाळी बघते तर झाडावर पुन्हा एक फळ. टोपलीतलं घेऊन दोऱ्याने बांधलेलं! फोनवर तुला "गुडघे गेले रे" म्हणून रडगाणं गाते ना, तीच ही बाई शिडीवर चढली होती.

दुपारी वाऱ्याने ते पडलं, तर ही पुन्हा शिडी ओढत निघाली. ओरडून घसा बसला माझा. ऐकेल तर शपथ! मग काय, चढले मीच. आणि खालून शिडी धरून मलाच दटावते, "गाठ पक्की मार. सोमवारी तू गेलीस की कोण चढणार आहे?"

वहिनीची कंबर कशी आहे? आणि आईला काय उत्तर देऊ, ते तूच कळव.

तुझी,
चिसातो