गादीखालची पट्टी

प्रिय ठोंब्या,

तुझ्या तक्रारीची प्रत मिळाली. मुद्देसूद लिहिली आहेस. बाबांनी वाचली असती तर शेजारच्या पलंगावरच्यालाही दाखवली असती. तसंही तुझं कौतुक त्यांनी वॉर्डभर करून ठेवलंच होतं. दाढी मी करायचे, पाठ मी पुसायचे, आणि माझ्याकडे बघून ते विचारायचे, "ठोंब्या आला का गं?" सोळा दिवस. माझ्या डायरीत आहे सगळं.

ती पट्टी गादीखाली सरकवली तेव्हा सिस्टरांनी मला नीट समजावलं होतं. अंगाला वायर नाही की चिमटा नाही. श्वास आणि ठोके गादीतूनच कळतात, आकडे पडद्यावर दिसतात आणि तुझ्या फोनवरही. "फक्त पलंगावर आडव्या होऊ नका, ताई. बाबा चिमणीएवढे उरलेत, तुमचेच आकडे लागतील." मी हसले होते.

नवव्या दिवशी दुपारी पाठ धरली म्हणून त्यांच्या शेजारी जरा पडले. दहा मिनिटांत तुझा फोन. "ताई, बाबा एकदम झकास! ठोके बहात्तर, श्वास पंधरा!" मी खरं सांगणार होते. पण तू म्हणालास, मग तिकीट रद्द करतो, महिनाअखेरीस येतो. मी म्हटलं, बरं.

त्या दिवसाच्या पानावर 'पाठ दुखली, पडले' एवढंच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी पाठ दुखत नव्हती. तरी पडले. मग रोजच, सिस्टर जेवायला गेल्या की. मी उठले की आकडे घसरायचे, तू विचारायचास, मी सांगायचे, गाढ झोपलेत. का केलं? 'त्याला काळजी नको म्हणून' असं दोनदा लिहून दोनदा खोडलंय. बाबांनी तुझं नाव काढलं की मी सांगायचे, तिकीट रद्द केलं त्याने. खोटं नव्हतं ते. ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग मला त्यांचा हात धरता यायचा.

शेवटच्या दुपारी मला झोप लागली. सिस्टरांच्या पावलांनी दचकून उठले, आणि मी उठल्यावर यंत्राचा भोंगा वाजला. हातातला हात केव्हाच गार पडला होता. तरी मी सिस्टरांवरच ओरडले, "कुठे होता तुम्ही?"

तू लिहिलंयस, अडीचपर्यंत बाबा ठणठणीत होते आणि सिस्टर गाफील राहिल्या. त्यांना घरी बसवलंय. पुढच्या सोमवारी चौकशीत मी खरं सांगणार आहे. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून लिहितेय. बाबांच्या शेवटच्या तासाचा आलेख तू चौकट करून भिंतीवर लावलायस म्हणे. उतरव तो. तो बाबांचा नाही, माझा आहे. नीट बघ, किती शांत झोपले होते मी.

तुझीच,
ताई