धाकट्या दिराच्या वाटणीची पाटी

मी, व्हर्ना स्टबलफील्ड, वय त्र्याहत्तर, राहणार कॅडो क्रीक, ओक्लाहोमा, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे आणि काय भोगावे लागावे, हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा दीर ड्वेन “म्हातारी भ्रमिष्ट झाली होती” म्हणत कोर्टात धावेल, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, पिकअप गाडी आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी जोलीन हिला. कपाटातली पिस्तुलेही तिलाच. ड्वेनच्या हाती त्यातले एकही पडता कामा नये.

२. माझा नवरा ऑर्व्हिल आणि मी लोकांना स्वसंरक्षणासाठी बंदूक चालवायला शिकवत असू. नेम धरायला कोणीही शिकतो. आमचा पहिला धडा वेगळा असे: गोळी सुटल्यावर ज्यूरी बघते, तुमच्या मनात भीती होती की हौस. म्हणून बंदुकीवर कवट्या कोरू नका, फुशारकीचे शर्ट घालू नका, गप्पांतसुद्धा “येऊ दे एखादा” म्हणू नका.

आणि आमच्याच फाटकावर ड्वेनने बंदुकांच्या जत्रेतून आणलेली पाटी ठोकली: “आम्ही पोलिसांना बोलावत नाही. गोळी घालतो.”

मी म्हटले, “काढ ते ध्यान.”

ऑर्व्हिल म्हणाला, “राहू दे गं. धाकटा आहे, हौसेनं आणलंय. काढली तर रुसून बसेल.”

त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या संध्याकाळी टॉड प्रूइट नावाचा तरुण दारूच्या नशेत, आमचे घर मेव्हण्याचे समजून, स्वयंपाकघराच्या दाराची काच फोडून आतल्या कडीला हात घालू लागला. ऑर्व्हिल ओरडला, “मागे हो! बंदूक आहे माझ्याकडे!” टॉड शिव्या देत खांद्याने दार रेटू लागला. ऑर्व्हिलने गोळी झाडली. टॉड जागीच गेला. तेव्हा त्याचे हात कापत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

खटल्यात सरकारी वकिलाने पाटी ज्यूरीसमोर धरली आणि ड्वेनला विचारले, “ही कुणाची?” ड्वेनने नुकताच बंदुकीचा स्वतःचा वर्ग काढला होता. नाव खराब होईल म्हणून शपथेवर म्हणाला, “दादाचीच, साहेब. भारी आवडायची त्याला. म्हणायचा, येऊ दे एखादा.”

हे वाक्य ड्वेनचे. माझ्याच टेबलावर, तोंडात माझ्याच हातच्या टर्कीचा घास असताना म्हटलेले. मी साक्षीत तसे सांगितले, पण बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच, असे ज्यूरीने धरले आणि ऑर्व्हिलला दोषी ठरवले. ऑर्व्हिल तुरुंगातच वारला. दफनाला ड्वेन मिठी मारून म्हणाला, “वहिनी, जे झालं ते झालं.” मेल्या, झाले नाही, तू केलेस.

३. नेमबाजीचे मैदान, ज्यावर ड्वेनचा कधीपासून डोळा आहे, ते ड्वेनलाच. अट अशी: पाटी वर्गात फळ्याच्या वर लावावी आणि प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला तिच्याखाली उभे राहून म्हणावे, “ही पाटी मी आणली, मी ठोकली, आणि कोर्टात भावाच्या माथी मारली.” एकदा जरी टाळले, तरी मैदान गावच्या अग्निशामक दलाला. खोट्या साक्षीबद्दल खटला भरायची मुदत उलटली आहे, हे वकिलाकडून विचारून घेतले आहे. तेव्हा “कबूल केले तर तुरुंगात जाईन” हे निमित्त चालणार नाही. लाज वाटेल तेवढीच, असली तर.

४. तो म्हणतो की नाही हे पाहायला वर्गात पहिल्या रांगेत एक खुर्ची कायम राखून ठेवावी. तिच्यावर कोण बसणार, ते साक्षीदारांत पाहावे.

कॅडो क्रीक, ३ मार्च २०२२.

सही: व्हर्ना स्टबलफील्ड

साक्षीदार:

१. लेलँड बीमर, शेजारी.

२. आर्डिथ प्रूइट, टॉडची आई. सही करताना म्हणाल्या ते त्यांच्या परवानगीने नोंदवते: “तुझ्या नवऱ्याला मी माफ केलेलं नाही, व्हर्ना. पण माझा टॉड कुणाच्या हौसेपायी गेला नाही, हे मला दर वेळी ऐकायचंय. खुर्ची रिकामी राहणार नाही.”