देवराईतले घरटे

मुळगाव, फेब्रुवारी, शुक्रवार संध्याकाळ

काल लिहिले की धनेशाचा नर मादीला ढोलीत कोंडतो. चूक. बाबा म्हणाले, तीच आतून दार लिंपते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर तिथून फळे भरवतो.

वन्यजीव कायद्यातल्या बदलांचा मसुदा आलाय. यापुढे फक्त नोंद असलेल्या घरट्यांची झाडे राखीव. आमच्या देवराईतल्या घरट्याची नोंदच नाही. असणार कशी? कोवळ्या दोडक्याला आणि घरट्याला बोट दाखवू नये, ते नासते, हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलेले. सारा गाव गप्प राहिला, तो मायेनेच. आता मी सांगितले आणि कोणी पिल्ले चोरायला आले तर? नाही सांगितले आणि झाडच गेले तर? त्या एवढ्याशा फटीतून तिला काय दिसत असेल?

शेवटी बाबांना विचारले. ते पेज ढवळत होते.

"सांग गो बाय. पण बोट वाकडां करून दाखय."

वाकड्या बोटाने काही नासत नाही, हेही त्यांनीच शिकवलेले. मी हसले, मग डोळे भरून आले.

मसुद्यावरची सुनावणी डिचोलीला आहे. झाड कुठले ते मी तिथे सांगणार, बोट वाकडे करूनच. सोमवारी.